गळ्यातल्या गाठीचा ताठरपणा मोजणारी इलास्टोग्राफी : दोन केंद्रे आणि दोन अहवाल

गेल्या वर्षी श्रावणात पत्नीला सर्दी-खोकल्यासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले होते. गळा तपासताना त्यांनी तिला घोट गिळायला सांगितला, मग पुन्हा एकदा सांगितला, आणि तिच्या मागे उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळ्याचा खालचा भाग बराच वेळ चाचपला. उजवीकडे एक गाठ होती. गिळताना ती वर-खाली सरकत होती, म्हणजे ती थायरॉइड ग्रंथीतली होती, आणि डॉक्टरांच्या शब्दांत ती ‘जरा घट्ट’ लागत होती. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत त्या ‘जरा घट्ट’ या दोन शब्दांचे मोजमाप करणारी इलास्टोग्राफी नावाची तपासणी आम्ही दोन ठिकाणी करून घेतली, आधी कोल्हापुरात आणि नंतर पुण्यात. दोन्ही केंद्रांची नावे मी देणार नाही. मला लिहायचे आहे ते या तपासणीबद्दल, ती कशी केली जाते आणि तिच्या अहवालात काय असायला हवे याबद्दल. कारण थायरॉइडची गाठ निघालेल्या अनेक कुटुंबांना ही तपासणी आज सुचवली जाते आणि तिचा अर्थ मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतो.

माझी बत्तीस वर्षे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या कारखान्यातील गुणवत्ता विभागात गेली. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नाही. परंतु एखाद्या वस्तूवर दाब देऊन ती किती दबते हे मोजायचे आणि त्यावरून तिच्या आतली घडण ओळखायची, हे काम मी रोज केले आहे. त्यामुळे या तपासणीकडे मी थोडा रुग्णाचा नातेवाईक म्हणून आणि थोडा मोजमाप करणारा माणूस म्हणून पाहिले.

तपासणीमागचा विचार सरळ आहे. थायरॉइडच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार पॅपिलरी कर्करोगाचा असतो. त्या गाठीत पेशींची दाटी असते, त्यांच्याभोवती तंतुमय ऊती तयार होते, आणि कित्येकदा कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कणही साठलेले असतात. या सगळ्यामुळे ती गाठ भोवतालच्या ग्रंथीपेक्षा ताठर होते. साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठी बहुधा मऊ, काही अंशी द्रवाने भरलेल्या असतात. वैद्यांनी आणि शल्यविशारदांनी हा फरक फार पूर्वीपासून बोटांनी ओळखलेला आहे. प्रश्न एवढाच होता की बोटाला जे कळते ते यंत्राला आकड्यात सांगता येईल का, आणि जिथे बोट पोहोचत नाही अशा एक सेंटिमीटरच्या खोलवरच्या गाठीबद्दलही सांगता येईल का.

साधी सोनोग्राफी हे सांगू शकत नाही, आणि त्याचे कारण मला विशेष उद्बोधक वाटले. सोनोग्राफीचा ध्वनी मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो. हा वेग ठरतो तो ऊती सगळ्या बाजूंनी एकदम दाबली तर किती आकसेल यावर. शरीरातील मऊ ऊतींत पाण्याचा अंश फार मोठा असल्याने या बाबतीत त्या जवळजवळ सारख्याच वागतात, मग गाठ लोण्यासारखी असो वा रबरासारखी. बोटाला जाणवतो तो निराळाच गुण, म्हणजे ऊतीचे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध. हा विरोध मात्र ऊतीगणिक कित्येक पटींनी बदलतो. अमेरिकेत ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रोबने, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याने, ऊती किंचित दाबून, दाबण्याआधीचे आणि नंतरचे ध्वनिसंकेत ताडून, कोणता भाग किती आकसला याचे चित्र काढण्याची रीत मांडली आणि तिला इलास्टोग्राफी हे नाव दिले. आज दवाखान्यांतून चालणाऱ्या इलास्टोग्राफीचा एक प्रकार याच रीतीचा आहे. त्याला स्ट्रेन इलास्टोग्राफी म्हणतात. आमची कोल्हापुरातली तपासणी त्या प्रकारची होती.

ते केंद्र स्वच्छ होते, वेळ पाळणारे होते, आणि स्वागतकक्षातील मुलीने पत्नीची घाबरलेली चर्या पाहून तिला स्वतःहून पाणी आणून दिले, हे आवर्जून नोंदवतो. तपासणी मात्र चार-पाच मिनिटांत उरकली. डॉक्टरांनी गळ्यावर जेल लावले, प्रोब ठेवला आणि हाताने वरून थोडे थोडे दाबायला सुरुवात केली. पडद्यावर गाठीवर हिरव्या-निळ्या छटा उमटल्या, एक चित्र गोठवले गेले आणि छापले गेले. अहवालात गाठीचा आकार १.८ सेंटिमीटर दिला होता आणि इलास्टोग्राफीबद्दल एकच वाक्य होते, की गाठ ताठर दिसते व कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. किती ताठर, कशाच्या तुलनेत, किती वेळा पाहिले, कोणत्या श्रेणीपद्धतीने ठरवले, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही.

कारखान्यात ब्रिनेल काठिण्याचा, म्हणजे धातूवर कठीण गोळी दाबून उमटलेल्या ठशावरून काढलेला, आकडा लिहिताना त्याच्या शेजारी गोळीचा व्यास आणि भार लिहावाच लागतो, उदाहरणार्थ दहा मिलिमीटरची गोळी आणि तीन हजार किलोचा भार. ते लिहिले नाही तर तो आकडा ग्राह्य धरला जात नाही, कारण भार बदलला की ठसा बदलतो. लोखंडासारख्या पदार्थाबद्दल आम्ही एवढी काळजी घेतो. मानवी ऊतीचा ताठरपणा तर ओतीव लोखंडाच्या तुलनेत लक्षावधी पटींनी कमी असतो, आणि शिवाय ती जितकी दाबावी तितकी अधिक ताठर होत जाते. म्हणजे तपासणाऱ्याने प्रोब अंमळ जोराने टेकवला तरी मऊ गाठ ताठर दिसू लागते. त्यातच गळ्याची जागा अवघड आहे. पाठीमागे श्वासनलिकेची कूर्चा आहे आणि शेजारी मानेतली मोठी धमनी दर ठोक्याला उसळते आहे. त्यामुळे गाठ दाबताना ती नलिकेवर चेपली जाते आणि धमनीचा धक्का तिला बाजूने बसत राहतो. (याच धमनीच्या ठोक्याचा उपयोग करून, हाताने न दाबता ताठरपणा ताडणारी यंत्रेही निघाली आहेत. अडचणीलाच साधन केल्याचे हे उदाहरण मला मनापासून आवडले.) एवढी सगळी अनिश्चितता असताना एका गोठवलेल्या चित्रावरून एक वाक्य लिहिणे मला योग्य वाटले नाही. डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्या अहवालाने आम्हाला दिलेली भीती त्यात असलेल्या माहितीपेक्षा पुष्कळ मोठी होती.

आमच्या भाचीच्या सांगण्यावरून आम्ही दुसरी तपासणी पुण्यात केली. हे केंद्र दुसऱ्या प्रकारची, म्हणजे शिअर वेव्ह इलास्टोग्राफी करणारे होते. यात तपासणाऱ्याच्या हाताने दाबायचे नसते. प्रोबमधूनच ध्वनीचा एक जोरदार झोत ऊतीत टाकला जातो, त्या धक्क्याने ऊती काही सहस्रांश मिलिमीटर सरकते, आणि तेथून एक आडवी लहर बाजूंना पसरते. ही लहर अगदी संथ असते, सेकंदाला एक ते दहा मीटर एवढीच. तिचा प्रवास टिपण्यासाठी सेकंदाला हजारो चित्रे घेण्याची क्षमता यंत्रात असावी लागते. ताठर ऊतीतून लहर वेगाने जाते, मऊ ऊतीतून हळू. वेगाचा वर्ग करून त्याला घनतेने आणि तीनने गुणले की ताठरपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये मिळतो. पॅरिसमधील मथियास फिंक, मिकाएल टॅन्टर आणि जेरेमी बेरकॉफ यांच्या संशोधनातून या पद्धतीचे एक रूप साकारले आणि दक्षिण फ्रान्समधील एक्स-अँ-प्रोव्हान्स येथील सुपरसॉनिक इमॅजिन या कंपनीने ते यंत्रात उतरवले. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात कॅथरिन नाइटिंगेल यांनीही ध्वनीच्या झोताने ऊती ढकलण्याच्या तंत्रावर पायाभूत काम केले. ओतीव भागातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून आतल्या ग्राफाइटचे गोळे नीट बांधले गेले आहेत की नाही हे आम्ही कारखान्यात ठरवत असू. तेव्हा लहरीच्या वेगावरून घडण ओळखण्याची ही रीत मला परकी वाटली नाही.

पुण्याच्या तपासणीला पाऊण तास लागला. त्यातली पहिली वीस मिनिटे साध्या सोनोग्राफीची होती, आणि हाच मला या केंद्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी गाठ पूर्ण घन आहे का, भोवतालच्या ग्रंथीपेक्षा गडद दिसते का, रुंदीपेक्षा उभी अधिक आहे का, कडा गुळगुळीत आहे की दातेरी, आत कॅल्शियमचे ठिपके आहेत का, हे एकेक करून पाहिले आणि मोठ्याने सांगून साहाय्यकाकडून टिपून घेतले. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ मध्ये दिलेल्या टायरॅड्स पद्धतीत या पाच गोष्टींना गुण दिलेले आहेत. आमच्या गाठीला पूर्ण घन असण्याचे दोन, गडदपणाचे दोन आणि खालच्या कडेला असलेल्या जाड कॅल्शियमच्या एका ठिपक्याचा एक, असे पाच गुण मिळाले, म्हणजे ती चौथ्या श्रेणीत आली. या श्रेणीत गाठ दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर सुईची तपासणी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून त्या तपासणे, करावी असा संकेत आहे. या पद्धतीत इलास्टोग्राफीला एकही गुण नाही, ही गोष्ट मॅडमनी आम्हाला इलास्टोग्राफी सुरू करण्याआधीच सांगितली. तपासणी विकणाऱ्या केंद्राने हे स्वतःहून सांगावे, याबद्दल माझा आदर वाढला.

मग ताठरपणा मोजायला घेतला. पत्नीच्या खांद्यांखाली उशी ठेवून मान मागे झुकवली. तिला काही सेकंद श्वास रोखायला आणि गिळायचे नाही असे सांगितले. जेलचा थर मुद्दाम जाड ठेवला होता आणि प्रोब त्वचेवर जेमतेम टेकलेला होता. चित्र स्थिर होईपर्यंत थांबून आकडा घेतला, प्रोब उचलला, आणि सगळे पुन्हा केले. असे पाच वेळा झाले. आकडे आले ते २९, ३३, ३१, ३५ आणि ३० किलोपास्कल. बाजूची निरोगी ग्रंथी १६ होती. लहरीच्या वेगात सांगायचे तर गाठीत सेकंदाला साधारण ३.२ मीटर आणि ग्रंथीत २.३ मीटर. पाच मोजमापांतली तफावत एवढी मर्यादित आहे हे पाहिल्यावर माझा जीव पहिल्यांदा भांड्यात पडला. आकडा लहान होता हे त्याचे कारण नव्हते; आकडा पुन्हा पुन्हा तोच येत होता, हे होते. जे मोजमाप पुन्हा घेतल्यावर बदलते त्यावर निर्णय घेता येत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

एक गोष्ट मात्र अशी घडली की ती सर्वांनी लक्षात ठेवावी. पडद्यावर गाठ निळी दिसताच पत्नीचा चेहरा पडला, कारण कोल्हापूरच्या अहवालातल्या चित्रात निळा रंग ताठर भागाचा होता. या यंत्रात निळा म्हणजे मऊ आणि लाल म्हणजे ताठर होते. दोन्ही चित्रांच्या कडेला रंगांची पट्टी छापलेली होती, पण घाबरलेला माणूस पट्टी वाचत नाही. एकाच तपासणीच्या दोन प्रकारांत रंगांचे अर्थ उलटे असावेत, ही मला गंभीर उणीव वाटते. रुग्णाच्या हाती देण्याच्या प्रतीवर कोणता रंग म्हणजे काय हे मराठीत एका ओळीत लिहिणे कोणत्याही केंद्राला सहज जमेल.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट कॅल्शियमच्या त्या ठिपक्याची. तेथे यंत्र ७४ किलोपास्कल दाखवत होते. सरासरी ३० च्या आसपास आणि कमाल ७४ अशा गाठीचा आकडा कोणता लिहायचा? मॅडमनी दोन्ही लिहिले आणि कमाल आकडा ठिपक्यावरचा आहे हेही लिहिले. हा तपशील गाळला असता तर वाचणाऱ्या डॉक्टरांचे मत निराळे झाले असते. फ्रान्समध्ये मार्सेय येथील सेबाग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ किलोपास्कल ही सीमारेषा धरली होती. तिच्या आधारे त्यांनी कर्करोगाच्या ८५.२ टक्के गाठी ओळखल्या आणि साध्यांपैकी ९३.९ टक्के साध्या म्हणून ओळखल्या. हाँगकाँगच्या २०१२ मधल्या अभ्यासात मात्र सर्वांत योग्य ठरलेली सीमारेषा ३४.५ किलोपास्कल होती, आणि तिचे यशही कमी होते, अनुक्रमे ७६.९ आणि ७१.१ टक्के. म्हणजे आमच्या गाठीचा एक आकडा, ३५, हाँगकाँगच्या रेषेच्या किंचित वर जातो आणि मार्सेयच्या रेषेच्या पुष्कळ खाली राहतो. यंत्र, प्रोब, मोजणीच्या चौकटीचा आकार आणि रुग्णांची निवड बदलली की रेषा सरकते. म्हणून कोणी ‘इतक्या किलोपास्कलच्या वर कॅन्सर’ असे ठासून सांगू लागला तर त्याला कोणत्या यंत्रावरची रेषा, असे अवश्य विचारावे.

सुरुवातीच्या काळात या तपासणीबद्दल फार मोठ्या आशा होत्या, आणि त्या का निर्माण झाल्या हे समजण्यासारखे आहे. इटलीत पिसा येथील रागो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९२ रुग्णांची स्ट्रेन इलास्टोग्राफी केली. ताठरपणाच्या पाच श्रेणींपैकी पहिल्या दोन श्रेणींत ४९ गाठी आल्या, त्या सगळ्या साध्या निघाल्या. शेवटच्या दोन श्रेणींत ३० आल्या, त्या सगळ्या कर्करोगाच्या निघाल्या. मधल्या तिसऱ्या श्रेणीत १३ आल्या, त्यांत एकच कर्करोग होता. इतका स्वच्छ निकाल पाहून सुई टोचण्याची गरजच संपेल असे कोणाला वाटले नसते? परंतु २०१२ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथे ७०३ घन गाठींवर झालेल्या अभ्यासात इलास्टोग्राफी, एकटी किंवा साध्या सोनोग्राफीच्या जोडीने, साध्या सोनोग्राफीहून सरस ठरली नाही. सुईच्या तपासणीचा निष्कर्ष संदिग्ध आलेल्या गाठींबाबत तर २०११ मध्ये पिसाच्याच विद्यापीठातून निराशाजनक निकाल आला. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या आणि युरोपियन असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकांनी एकच भूमिका घेतली आहे, की ही तपासणी पूरक म्हणून उपयोगी पडू शकते, पण साध्या सोनोग्राफीची जागा तिने घेऊ नये.

याचे सर्वांत महत्त्वाचे कारण रोगातच आहे. सगळे कर्करोग ताठर नसतात. फॉलिक्युलर प्रकारच्या कर्करोगाची घडण साध्या फॉलिक्युलर गाठीसारखीच असते, त्यात तंतुमय ऊती फारशी नसते आणि तो मऊ लागू शकतो. हा कर्करोग ओळखला जातो तो गाठीचे वेष्टण किंवा रक्तवाहिनी भेदून पेशी बाहेर पडल्या आहेत का यावरून, आणि ते गाठ काढून तिचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. सुईने काढलेल्या पेशींवरूनही तो निश्चित सांगता येत नाही, मग बाहेरून मोजलेल्या ताठरपणावरून कसा सांगता येणार? उलट बाजूने, जाड कॅल्शियम असलेली किंवा जुनी होऊन आत तंतू धरलेली साधी गाठ ताठर लागते. हाशिमोटो थायरॉइडायटिससारख्या, ग्रंथीला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजारात तर सगळी ग्रंथीच ताठर झालेली असते, त्यामुळे तुलनेला आधारच उरत नाही. द्रवाने भरलेल्या गाठीत आडवी लहर जातच नाही, तेथे रंगाची चौकट रिकामी राहते. मुद्दा असा, की मऊ आकडा पाहून सुईची तपासणी टाळण्याची चूक मुळीच करू नये. आमच्या ओळखीतल्या एका घरी ‘मऊ आहे, काही नाही’ एवढ्यावर दोन वर्षे पुढची तपासणी झाली नव्हती. आमचे हे सगळे प्रकरण ऐकल्यावर त्यांनी ती करून घेतली, याचे मला समाधान आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर सुईची तपासणी करायची हे गाठीच्या आकाराने आणि साध्या सोनोग्राफीच्या श्रेणीने आधीच ठरवले होते. ताठरपणा १५ आला असता किंवा १५० आला असता, तरी सुई लागलीच असती. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुईने पेशी काढल्या, त्याला दहा मिनिटे लागली, आणि रक्त काढताना होते त्याहून फारसे अधिक दुखले नाही असे पत्नीने सांगितले. पाचव्या दिवशी निकाल आला: बेथेस्डा वर्गीकरणातला दुसरा वर्ग, म्हणजे साधी गाठ. कोल्हापूरच्या त्या एका वाक्यानंतर हे समजायला आम्हाला सात आठवडे लागले. त्यातला निम्मा काळ आम्ही सुईला घाबरून पुढे ढकलण्यात घालवला, आणि त्यात दोष आमचाही होता.

मग या तपासणीसाठी पैसे खर्च करावेत का? पुण्याच्या केंद्रात साध्या सोनोग्राफीच्या दीडपटीहून थोडे अधिक पैसे लागले, आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. एकाच गळ्यात चार-पाच गाठी असतील आणि सुई कोणत्या गाठीत घालावी हे ठरवायचे असेल, सुईच्या तपासणीत पुरेशा पेशी न आल्याने ती पुन्हा करावी का असा पेच असेल, किंवा सुईच्या मर्यादेहून लहान असलेल्या गाठीवर लक्ष ठेवायचे असेल, तर नीट घेतलेला ताठरपणाचा आकडा डॉक्टरांना हाताशी एक अधिक पुरावा देतो. गाठीची सुई आधीच ठरलेली असेल तर मात्र केवळ मनाच्या समाधानासाठी ही तपासणी करून घेऊ नये. समाधान ती देत नाही, कारण तिच्या उत्तरानंतरही सुई उभीच असते. आणि ज्या केंद्रात साध्या सोनोग्राफीचे पाच निकष अहवालात लिहिले जात नाहीत, तेथे तर ती अजिबात करून घेऊ नये. पाया नाही तेथे वरचा मजला बांधून उपयोग नाही.

तपासणीला जाण्याआधी फोनवर काय विचारावे, असे मला काही नातेवाइकांनी विचारले. मी त्यांना सांगतो की पद्धत हाताने दाबण्याची आहे की आडव्या लहरीची, हे आधी विचारा. मोजमाप किती वेळा घेणार आणि सगळे आकडे अहवालात देणार का, हे विचारा. तीनपेक्षा कमी वेळा घेणार असतील तर दुसरे केंद्र पाहा. बाजूच्या निरोगी ग्रंथीचा आकडा शेजारी हवा. सरासरी आणि कमाल दोन्ही हवेत. यंत्राचे व प्रोबचे नाव अहवालावर हवे, म्हणजे वर्षभराने पुन्हा मोजताना तुलना करता येईल. हाताने दाबण्याची पद्धत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. निष्णात हातांनी, दाबाचा निदर्शक पाहून, तीन-चार वेळा केली आणि श्रेणी लिहून दिली तर तीही उपयोगी आहे. पिसाचा २००७ मधला तो स्वच्छ निकाल याच पद्धतीने मिळाला होता. पण ज्याला निवड आहे त्याने आडव्या लहरीची पद्धत निवडावी, असे माझे मत आहे, कारण तिच्यात तपासणाऱ्याच्या हाताचा वाटा कमी असतो आणि आकडा जपून ठेवता येतो.

पुण्याच्या केंद्राबद्दल तक्रार एकच. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता आणि त्यातला ‘इंटरमीडिएट’ (मध्यम) हा शब्द घरी आल्यावर आम्हाला पुन्हा अस्वस्थ करून गेला. मॅडमनी तोंडी जे इतक्या धीराने आणि स्वच्छ मराठीत समजावले होते, त्यातल्या चार ओळी कागदावर आल्या असत्या तर बरे झाले असते. कोल्हापूरच्या केंद्रानेही आमचे म्हणणे ऐकून घेतले. मी दोन्ही अहवाल घेऊन तेथे गेलो, तेव्हा डॉक्टरांनी बसवून घेतले, चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि पुढच्या रुग्णांच्या अहवालात श्रेणी व मोजमापांची संख्या लिहू असे सांगितले.

येत्या भाद्रपदात पत्नीची वर्षाची सोनोग्राफी आहे. त्याच केंद्रात, त्याच प्रोबने मोजमाप घ्यावे अशी विनंती आम्ही आधीच करून ठेवली आहे, आणि पाच आकड्यांचा तो कागद फायलीत सर्वांत वर लावला आहे.